लाटेवरचा तोल : ड्यूक कहानामोकू

१९१४ साल संपत आले होते. दक्षिण गोलार्धात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. सिडनीच्या उत्तरेकडील फ्रेशवॉटर या लहानशा किनाऱ्यावर लोक वाळूत उभे राहून समुद्रातल्या एका माणसाकडे टक लावून पाहत होते. तो हवाई बेटांवरून पोहण्याच्या शर्यतींसाठी आला होता. वय चोवीस, उंची सहा फुटांहून थोडी अधिक. लाटांवर स्वार होण्याची फळी त्याने बरोबर आणली नव्हती. म्हणून वखारीतून शुगर पाइनचे जाड फळकूट घेऊन त्याने ते स्वतः तासले आणि सुमारे साडेआठ फुटांची फळी तयार केली. तिच्यावर पालथे पडून, हातांनी पाणी मागे सारत तो फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे गेला. योग्य लाट येताच वळला, उठला आणि उभ्याने थेट किनाऱ्याकडे आला.

त्याच्याआधी ऑस्ट्रेलियात कोणी असा प्रयत्नच केला नव्हता, असे नाही. पण इतक्या सहजतेने, इतका वेळ लाटेवर उभा राहणारा माणूस बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिला. त्याचे नाव ड्यूक कहानामोकू. आधुनिक सर्फिंगचा जनक म्हणून जग त्याला ओळखते.

त्या दिवशी पाहणाऱ्यांना वाटले असेल की हा माणूस खांबासारखा ताठ उभा आहे. त्याची जुनी छायाचित्रे पाहतानाही तसेच वाटते. पण ती डोळ्यांची फसगत आहे. ताठ झालेले शरीर हलत्या फळीवर दोन क्षणही टिकत नाही. ड्यूकचे घोटे, गुडघे आणि खुबे दर क्षणी थोडे वाकत होते, थोडे सरळ होत होते. दुरून दिसत होती ती त्या अखंड हालचालीची स्थिरता. सर्फिंग शिकणारे अनेक जण आजही त्या छायाचित्रातल्या माणसासारखे उभे राहायला जातात आणि पाण्यात पडतात. ती ठेवण घ्यायची नसते, घडवायची असते. ड्यूकचे आयुष्य पाहिले की ती कशी घडते हे कळते.

पाण्यात वाढलेले शरीर

ड्यूकचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलु येथे झाला. ड्यूक ही त्याची पदवी नव्हती, नावच होते. १८६९ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र, ड्यूक ऑफ एडिंबरा, हवाईला येऊन गेला होता. त्या भेटीची आठवण म्हणून ड्यूकच्या वडिलांचे नाव ठेवले गेले आणि ते पुढे थोरल्या मुलाकडे आले. वडील पोलीस खात्यात होते. पाच भाऊ, तीन बहिणी असे मोठे कुटुंब. पुढे ते वायकिकी किनाऱ्यालगत कालिया भागात, आईच्या माहेरच्या गोतावळ्यात राहायला आले.

तो जन्मला तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होते. तो अडीच वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, जानेवारी १८९३ मध्ये, राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवण्यात आली. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली. त्याआधीच्या शतकभरात बाहेरून आलेल्या गोवर, देवी यांसारख्या साथींनी मूळ हवाईयन लोकसंख्या भयंकर घटवली होती. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना लाटांवरचा खेळ फारसा पसंत नव्हता. राजापासून कोळ्यापर्यंत सगळे जो खेळ खेळत, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वायकिकीसारख्या मोजक्याच ठिकाणी उरला होता. ड्यूक आणि त्याचे भाऊ जे शिकत होते, ते विझत आलेले ज्ञान होते.

त्यांना शिकवणी नव्हती. समुद्र अंगणात होता. वायकिकीच्या लाटा प्रवाळाच्या पट्ट्यावरून हळूहळू फुटत लांबवर येतात, त्यामुळे मुलांना चुका करायला भरपूर वेळ मिळतो. आधी पालथे पडून लाट पकडायची, मग गुडघ्यांवर यायचे, मग उभे राहायचे. पडायचे, फळी शोधायची, पुन्हा आत जायचे. दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षे. ड्यूकचे शालेय शिक्षण अर्धवट सुटले. पण शरीराचे शिक्षण थांबले नाही.

या शिक्षणात नेमके काय घडते? उभे राहताना मेंदूला तीन ठिकाणांहून बातमी मिळत असते. डोळे क्षितिज कुठे आहे ते सांगतात. आतल्या कानातील द्रवाने भरलेल्या नलिका डोके कोणत्या दिशेला आणि किती वेगाने वळले ते सांगतात. स्नायू, सांधे आणि तळपाय यांतील संवेदक शरीराचा कोणता भाग कुठे आहे आणि वजन कुठल्या बाजूला पडते आहे ते कळवतात. घट्ट जमिनीवर या तिन्ही बातम्या जुळतात. हलत्या फळीवर त्यांच्यात सतत विसंगती येते. लहान मेंदू या बातम्या पडताळतो, स्नायूंना दुरुस्तीचा आदेश देतो आणि प्रत्येक चुकीतून पुढचा अंदाज सुधारतो. ही प्रक्रिया विचार करून होत नाही, तेवढा वेळच नसतो. ती केवळ आवृत्तीने पक्की होते. अनवाणी पायांनी वाळू, खडक आणि ओली फळी यांवर वाढलेल्या मुलाला ही आवृत्ती न मागता मिळाली. मोठेपणी शिकणाऱ्याला ती मुद्दाम मिळवावी लागते.

फळी जड, सांधे सैल

ड्यूकच्या काळातील फळ्या आजच्यासारख्या हलक्या नव्हत्या. त्या अखंड लाकडाच्या असत. हवाईच्या कोआ लाकडाची त्याची पुढच्या काळातली प्रसिद्ध फळी सोळा फूट लांब आणि सुमारे बावन्न किलो वजनाची होती. या फळ्यांना खाली पंख नसे. फळीला पंख बसवण्याची कल्पना टॉम ब्लेक या अमेरिकी सर्फरने १९३५ मध्ये रुजवली. पंखाशिवाय फळीची शेपटी पाण्यावर घसरते. तिला वळवायचे तर मागे सरकून वजन शेपटीकडे टाकायचे आणि एक पाय पाण्यात ओढत न्यायचा. म्हणजे काही क्षण एका पायावर तोल. ते साधायचे तर उभ्या पायाचा खुबा मजबूत हवा, घोटा मोकळा हवा आणि कंबर वरच्या धडापासून स्वतंत्रपणे फिरायला हवी.

अशा लांब, जड फळीवर आणि वायकिकीच्या सौम्य लाटेवर माणूस बराच उंच उभा राहू शकतो. म्हणून ड्यूकच्या छायाचित्रांत तो सरळ दिसतो. आजची फळी आखूड आणि हलकी असते, लाट तीव्र उताराची असेल तर आणखी खाली बसावे लागते. पण तत्त्व एकच. शरीराचे वजन दोन पायांच्या मधोमध, खाली, फळीच्या मधल्या रेषेवर राहिले पाहिजे.

इथेच नवशिक्याची सगळ्यात सामान्य चूक होते. खाली जायचे म्हणून तो कमरेतून पुढे वाकतो. गुडघे जवळजवळ सरळच राहतात, नितंब मागे जातात, डोके खाली जाते. दिसायला तो खाली गेलेला असतो, पण वजन पायांच्या रेषेबाहेर गेलेले असते. एक छोटा धक्का बसला की संपले. योग्य ठेवणीत घोटा, गुडघा आणि खुबा हे तीनही सांधे मिळून वाकतात, पाठ लांब राहते, छाती उघडी राहते आणि नजर पायांकडे नव्हे तर जिथे जायचे तिथे असते. पाय खांद्यांएवढे किंवा थोडे अधिक रुंद. पुढचे पाऊल तिरपे, मागचे जवळजवळ आडवे. मागचा गुडघा बाहेर न फाकता किंचित आत. हात सैल, पण नजरेच्या टप्प्यात.

ही चूक बहुधा समजुतीची नसते, सांध्याची असते. पोटरीचे स्नायू आखडलेले असतील तर टाच न उचलता गुडघा पुढे जात नाही. मग शरीर दुसरी वाट काढते आणि कंबर वाकते. खुबा आखडलेला असेल तर फळीवरून उठताना पुढचा पाय पोटाखालून पुरेसा पुढे येत नाही. तो मागेच पडतो आणि माणूस चुकीच्या जागी उभा राहतो. पाठीचा वरचा भाग ताठर असेल तर पालथे पडून वल्हवताना छाती वर उचलण्याचे काम मान आणि कंबरेवर येते. प्रशिक्षकाने शंभरदा गुडघे वाकवायला सांगितले तरी जो सांधा वाकतच नाही तो वाकणार कसा?

घोट्यांची करामत

ड्यूकचे घोटे किती मोकळे होते, हे लाटेपेक्षा पोहण्यात आधी दिसले. ऑगस्ट १९११ मध्ये होनोलुलु बंदराच्या खाऱ्या पाण्यात झालेल्या शर्यतीत त्याने शंभर यार्ड अंतर ५५.४ सेकंदांत कापले. तेव्हाच्या विक्रमापेक्षा हा वेळ साडेचार सेकंदांहून अधिक कमी होता. अमेरिकेतील हौशी क्रीडा संघटनेचा त्यावर विश्वास बसला नाही. घड्याळे चुकली असतील, प्रवाहाने मदत केली असेल, अशी कारणे देऊन विक्रम नाकारला गेला. एका दूरच्या बेटावरचा, सावळा, अनोळखी तरुण असे काही करू शकेल हे मुख्य भूमीवरच्या पदाधिकाऱ्यांना पटण्यासारखे नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये, त्याने शंभर मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकून उत्तर दिले. दोन्ही पाय आलटून पालटून झपाझप मारण्याच्या त्याच्या लाथेची तज्ज्ञांनी दखल घेतली. त्याचे तळहात आणि पावले असामान्य मोठी होती. पण पाऊल नुसते मोठे असून भागत नाही. घोटा सैल असेल तरच ते माशाच्या शेपटीसारखे पाणी मागे ढकलते. आखडलेल्या घोट्याचा माणूस कितीही जोर लावो, त्याच्या लाथेने पाणी फक्त उडते.

महायुद्धामुळे १९१६ चे ऑलिंपिक झाले नाही. बहराची वर्षे गेली. तरी १९२० मध्ये अँटवर्प येथे तो पुन्हा उतरला आणि वयाच्या तिसाव्या वाढदिवशी शंभर मीटरची अंतिम फेरी जिंकला. तक्रारीमुळे ती फेरी पुन्हा घेण्यात आली, तीही त्यानेच जिंकली. १९२४ मध्ये पॅरिसला, तेहतिसाव्या वर्षी, तो जॉनी वाइसम्युलरच्या मागे दुसरा आला. तिसरा होता त्याचाच धाकटा भाऊ सॅम. ज्या वयात त्या काळचे बहुतेक जलतरणपटू कधीच निवृत्त झालेले असत, त्या वयात हा माणूस पदक घेत होता. ताकद थोडी ओसरली तरी हालचालीतील सहजता टिकून असल्याची ही खूण.

शिकवण्याची रीत

जिथे तो पोहण्यासाठी जाई, तिथे फळीही दाखवून येई. सिडनीच्या त्या दौऱ्यात त्याने इसाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या स्थानिक मुलीला आपल्याबरोबर फळीवर घेतले. तिच्या पुढच्या आठवणींनुसार पहिल्या काही लाटांना ती घाबरून ओरडली, मागे ओढू लागली. लाटेच्या कडेवरून खाली पाहताना कड्यावरून पाहिल्यासारखे वाटत होते. ड्यूकने चौथ्या लाटेला तिला धरून उभे केले, आणि ती उभी राहिली. ऑस्ट्रेलियातील सर्फिंगच्या इतिहासात तिचे नाव कायमचे नोंदले गेले. पुढे ती स्वतः पोहणे शिकवणारी नामवंत शिक्षिका झाली.

या प्रसंगात एक शारीरिक सत्य आहे. भीतीने स्नायू आवळतात. घोटा आणि गुडघा यांभोवतीचे पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आखडतात, सांधा कुलूप लावल्यासारखा घट्ट होतो. श्वास अडकतो, नजर पायांकडे जाते. लवचीक माणूसही त्या क्षणी लाकूड होतो. म्हणजे लवचीकता ही केवळ स्नायूंची लांबी नाही, ती मज्जासंस्थेने दिलेली परवानगीही आहे. ताण देण्याच्या व्यायामाने पहिल्या काही आठवड्यांत जी प्रगती दिसते, तीही बरीचशी स्नायू लांबल्याने नसते. मज्जासंस्था तो ताण सहन करू लागलेली असते. सुरक्षित वाटले की शरीर सोडते. लहान लाट, उथळ पाणी, शेजारी भरवशाचा माणूस आणि पुन्हा पुन्हा तोच प्रयत्न, यांचा लवचीकतेशी असा थेट संबंध आहे.

१४ जून १९२५

लाटेवरचा तोल हा केवळ खेळ नाही, हे कॅलिफोर्नियात एका सकाळी सिद्ध झाले. न्यूपोर्ट बीचजवळ कोरोना देल मार येथे ड्यूक मित्रांसह किनाऱ्यावर होता. समुद्र खवळलेला होता. थेल्मा नावाची मासेमारीची बोट बंदरात शिरताना लाटांनी उलटली. बोटीत एकोणतीस माणसे होती. काही जण बुडत होते, काही बोटीला धरून होते.

ड्यूक फळी घेऊन त्या पाण्यात शिरला. माणसांना फळीवर ओढून घ्यायचे, किनाऱ्यावर आणायचे, पुन्हा आत जायचे. एकट्याने त्याने आठ जणांना वाचवले. त्याच्या साथीदारांनी आणखी चौघांना. सतरा जण मात्र गेले. पोहून जाणाऱ्या माणसाला तशा लाटांत एकाला आणणेही कठीण असते. फळीवर मात्र दमलेल्या माणसाला टाकता येते, हे सगळ्यांनी पाहिले. जीवरक्षकांकडे फळी असणे ही पुढे सर्वमान्य गोष्ट झाली, त्यामागे या घटनेचा मोठा वाटा होता.

वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर त्या सकाळी कामी आले ते बळापेक्षा काही अधिक होते. हलत्या फळीवर दुसऱ्याचे भेदरलेले, जड शरीर ओढून घेताना स्वतःचा तोल विचार न करता राखला जात होता, म्हणून सगळे लक्ष बुडणाऱ्याकडे देता आले. कौशल्य अंगात मुरते ते याचसाठी. ते मुरलेले नसेल तर संकटात सर्व लक्ष स्वतःला सावरण्यातच जाते.

जमिनीवरचे दिवस

इतक्या कीर्तीनंतरही जमिनीने त्याला फार काही दिले नाही. हौशी खेळाडूंच्या कडक नियमांमुळे पोहण्यातून पैसे मिळवता येत नव्हते. हॉलिवूडमध्ये त्याने छोट्या भूमिका केल्या, त्याही बहुधा टोळीप्रमुखाच्या किंवा तशाच. मुख्य भूमीवर त्वचेच्या रंगामुळे उपाहारगृहात सेवा नाकारली जाण्याचे प्रसंगही त्याच्या वाट्याला आले. होनोलुलुला परतल्यावर त्याने पेट्रोल पंप चालवला. पुढे तो शहराचा शेरीफ म्हणून निवडून आला आणि सलग तेरा वेळा निवडला गेला. १९४० मध्ये नादीन अलेक्झांडर या नृत्यशिक्षिकेशी त्याने विवाह केला. पैशाची ओढाताण मात्र बराच काळ राहिली.

समुद्र त्याने सोडला नाही. वल्हवण्याच्या पारंपरिक होड्या आणि शिडाच्या नौका यांत तो उतारवयातही रमे. १९६५ मध्ये त्याच्या नावाने ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सर्फिंगची मोठी स्पर्धा सुरू झाली. पोहणे आणि सर्फिंग या दोन्ही खेळांच्या गौरवदालनांत स्थान मिळवणारा तो पहिला माणूस ठरला.

त्याच वयात हृदयाचा त्रासही झाला. व्यायामाने हृदयविकाराचा धोका कमी होतो, पण तो शून्य होत नाही, हे इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २२ जानेवारी १९६८ रोजी वायकिकी येथे नौका क्लबच्या आवारातच हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय होते सत्त्याहत्तर. वायकिकीच्या किनाऱ्यावर हजारो लोक जमले, होड्या समुद्रात गेल्या आणि त्याच्या अस्थींची राख त्याच पाण्यात सोडण्यात आली.

शिकणाऱ्यासाठी

आज गोव्यात, कर्नाटकातील मुळकीला किंवा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणाऱ्या शाळा आहेत. तिशी-चाळिशीत पहिल्यांदा फळीवर चढणारेही कमी नाहीत. वायकिकीचे बालपण त्यांच्याकडे नसते. पण ज्या गोष्टी ड्यूकला आपोआप मिळाल्या, त्यांतील बऱ्याच घरी मिळवता येतात.

पहिली तपासणी घोट्याची. भिंतीसमोर उभे राहून अंगठा भिंतीपासून साधारण दहा सेंटीमीटरवर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून पाहावा. टेकत नसेल, किंवा दोन पायांत ठळक फरक असेल, तर काम तिथून सुरू करावे. आपल्याकडे उकिडवे बसणे आणि मांडी घालणे हे घोटा आणि खुबा मोकळे ठेवण्याचे घरचेच व्यायाम होते. खुर्ची, डायनिंग टेबल आणि कमोड आल्यापासून ते सुटले. गुडघ्याचा आजार नसेल तर रोज काही मिनिटे आधार धरून उकिडवे बसणे, हळूहळू आधार कमी करणे, ही चांगली सुरुवात आहे. ज्यांचे गुडघे झिजले आहेत किंवा सांधा बदलला आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

दुसरे, एका पायावर उभे राहणे. आधी डोळे उघडे ठेवून, मग मान हळूहळू दोन्ही बाजूंना वळवत. भिंत हाताशी असावी. डोळे मिटून प्रयत्न करायचा तर कोणी जवळ असताना. यात घोटा सतत थरथरतो, ती कमजोरी नव्हे, तो दुरुस्तीचा सराव आहे.

तिसरे, फळीवरून उठण्याचा सराव जमिनीवर. सतरंजीवर पालथे पडून, तळवे बरगड्यांशेजारी ठेवून, छाती उचलत पुढचा पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणायचा. डावा पाय पुढे की उजवा, हे ज्याचे त्याने ठरवावे. ओल्या गुळगुळीत फरशीवर घसरत जाताना जो पाय सहज पुढे जाईल तो बहुधा बरोबर असतो. घाईने दहा वेळा उडी मारण्यापेक्षा सावकाश पाच वेळा नीट केलेले बरे.

ताण कधी द्यायचा, यालाही महत्त्व आहे. पाण्यात उतरण्याआधी एकेका स्नायूला मिनिटभराहून अधिक वेळ ताणून धरले तर काही काळ त्याचे बळ थोडे कमी होते. म्हणून आधी हलत्या हालचाली कराव्यात : हात फिरवणे, पाय झुलवणे, धड दोन्ही बाजूंना वळवणे, चालत चालत गुडघ्यात वाकणे. पोटरी, खुबा, मांडीची मागची बाजू यांना अर्धा अर्धा मिनिट धरून ताण देणे पाण्यातून बाहेर आल्यावर किंवा संध्याकाळी. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज दहा मिनिटे लाभदायक.

एक इशारा मात्र प्रत्येक नवशिक्याने लक्षात ठेवावा. २००४ मध्ये हवाईतल्याच डॉक्टरांनी एका दुर्मीळ पण गंभीर आजाराचे वर्णन पहिल्यांदा केले. पहिल्या-दुसऱ्या दिवशी सर्फिंग शिकणारे, अन्यथा निरोगी तरुण, फळीवर बराच वेळ पालथे पडून पाठ मागे ताणून लाटेची वाट पाहतात. कोणताही मार न लागता त्यांना अचानक पाठदुखी सुरू होते आणि काही वेळातच पाय बधिर आणि कमजोर होतात, लघवी अडते. मज्जारज्जूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने हे होत असावे असे मानले जाते. काहींचे पाय कायमचे लुळे राहिले आहेत. म्हणून वाट पाहताना अधूनमधून फळीवर उठून बसावे, पाठ सैल करावी. अचानक पाठीत कळ आली, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवला, तर अजून एक लाट असे न म्हणता तत्काळ बाहेर यावे आणि थेट रुग्णालय गाठावे.

सर्फिंग ज्यांना कधीच करायचे नाही, त्यांनाही यातले बरेच काही लागू आहे. वय वाढते तसे घोटे आखडतात, तळपायाची संवेदना मंदावते, माणूस पाय घासत चालू लागतो आणि एखाद्या दिवशी ओल्या न्हाणीघरात पडतो. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळणाऱ्या वृद्धांची कहाणी बहुधा तिथूनच सुरू होते. पडण्याच्या भीतीने ताठ चालणारा अधिक पडतो. तोल वाचवतो तो वाकू शकणारा सांधा आणि सराव झालेला पाय.

ड्यूकची एक इच्छा होती की सर्फिंगला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळावे. १९१२ च्या पदकानंतर तो ती बोलून दाखवू लागला. ती पूर्ण व्हायला त्याच्या मृत्यूनंतर त्रेपन्न वर्षे जावी लागली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला आणि महिलांचे पहिले सुवर्णपदक मिळाले ते होनोलुलुच्याच कॅरिसा मूरला.

वायकिकीला १९९० मध्ये, ड्यूकच्या जन्मशताब्दीला, त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला गेला. हात पसरलेले, मागे फळी. पर्यटक गळ्यात फुलांच्या माळा घालतात. पण पुतळ्याचे तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे आहे, म्हणून स्थानिक लोकांनी तेव्हा नाराजी व्यक्त केली होती. पाण्यातला माणूस समुद्राकडे कधी पाठ करत नाही, हे तिथल्या लहान मुलालाही शिकवलेले असते. फळीवर पहिल्यांदा चढणाऱ्यानेही पहिला धडा तोच घ्यावा. नजर लाटेवर, गुडघे सैल.